टेनिस एल्बोसाठी स्टीलच्या पट्टीचा मसाज कितपत उपयोगी?

प्रश्न – कातळसडा, देवगड
हापूसच्या हंगामात झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) आंबे उतरवून वडिलांचे उजवे कोपर बाहेरच्या बाजूने दुखू लागले असून डॉक्टरांनी टेनिस एल्बोचे निदान केले आहे. फिजिओथेरपिस्ट वक्र स्टीलच्या पट्टीने तो भाग घासतात. पहिल्याच वेळी कातडीवर लाल ठिपके उठले. याने आतील इजा खरोखर भरून येते का, आणि तेच काम घरच्या काशाच्या वाटीने होईल का? वडिलांना हृदयासाठी क्लोपिडोग्रेल चालू आहे.

उत्तर – फिजिओथेरपिस्ट, कुडाळ
आधी गोळीविषयी. क्लोपिडोग्रेल चालू असताना रक्त लवकर थांबत नाही, त्यामुळे बेताच्या दाबानेही त्वचेखाली रक्त उतरू शकते. ही गोळी उपचार करणाऱ्यांना आजच सांगा. ती स्वतःहून मात्र बंद करू नका. ठिपके म्हणजे सूक्ष्म केशवाहिन्यांतून झिरपलेले रक्त असून ती गुण आल्याची खूण नव्हे. ‘गाठी फोडल्या’ असे काही जण सांगतात, तसे आत काहीही फुटत नाही.

भरून येण्याबद्दल सांगायचे, तर 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या गुडघ्याच्या दुखावलेल्या अस्थिबंधावर (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यावर, लिगामेंटवर) असा उपचार केला असता चार आठवड्यांनी तो अधिक मजबूत आढळला; बाराव्या आठवड्यापर्यंत मात्र उपचार न केलेल्या बाजूनेही ती मजबुती जवळजवळ गाठली होती. माणसांमध्ये वेदना काही काळ कमी होऊन हालचाल मोकळी होते, आणि त्या मोकळ्या वेळात व्यायाम केला तरच पट्टीचा उपयोग. आधी मनगट वर उचलून स्थिर धरणे, मग अर्धा लिटर पाण्याची बाटली हातात घेऊन ते सावकाश खाली सोडणे, असा क्रम काही महिने चालू ठेवावा लागतो. नुसते घासून घेऊन पुढच्या हंगामाची तयारी होणार नाही.

उत्तर – खाडीकाठ, मालवण
काशाच्या वाटीचे काम वेगळे आहे. तूप किंवा खोबरेल लावून ती तळपायावर हलकेच फिरवतात. माझ्या आईला त्याने झोप चांगली लागते. पावले काळी पडली की उष्णता निघाली, असे आमच्याकडे ठामपणे सांगतात, पण तो तांबे आणि कथिल यांच्या मिश्रधातूचा स्निग्धाशी व घामाशी झालेला संयोग आहे. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेली असल्यास तेही जपून करावे.

कातळसडा
आभारी आहे. फिजिओथेरपिस्टना गोळीची कल्पनाच नव्हती. त्यांनी पट्टी थांबवून केवळ व्यायाम दिला आहे. झेल्याच्या काठीबाबत काही करता येईल का?

फिजिओथेरपिस्ट, कुडाळ
काठी बारीक असेल तर मूठ अधिक आवळावी लागते आणि कोपराशी जोडलेल्या स्नायूंवर ताण येतो. धरण्याच्या जागी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून मूठ जाड करा. भरलेला झेला दोन्ही हातांनीच खाली घ्यायला सांगा.