सायकॉलॉजिकल थ्रिलरमध्ये आधी काय, दिसणं की गोष्ट?

रातकिडा_सत्तरी
नमस्कार मंडळी. आमच्या दोघा मित्रांचं एका गोष्टीवरून बोलणं बंद व्हायची वेळ आलीय म्हणून इथे टाकतो. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या वाळपईजवळ आम्ही पंधरा मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय. जुनं घर, एकटी राहणारी म्हातारी, मुलगा परदेशी, पावसाचे दिवस, आणि हळूहळू तिला वाटायला लागतं की घरात आणखी कोणीतरी वावरतंय. खरंच कोण आहे की तिच्याच मनाचे खेळ, एवढीच कथा. स्क्रिप्ट माझी, कॅमेरा मित्राचा. तो म्हणतो असल्या सिनेमात गोष्ट म्हणजे नुसती खुंटी, खरं काम मूडचं. त्याला सगळं निळसर ग्रेडिंग (शूटनंतर चित्राला दिलेली रंगाची छटा) पाहिजे, ड्रोनवरून घर पाहिजे, आरशातले शॉट तर सात-आठ लिहून ठेवलेत. माझा शेवट अजून जुळलेला नाही, आणि मला वाटतं तो जुळेपर्यंत कॅमेरा बाहेर काढूच नये. मागे इफ्फीत, म्हणजे पणजीच्या चित्रपट महोत्सवात, असाच एक थ्रिलर बघितला, प्रत्येक फ्रेम भिंतीवर लावावी अशी, पण बाहेर येऊन कॅसिनोंच्या बोटींसमोर उभं राहिल्यावर मला त्यातले कॉरिडॉर आठवत होते आणि ती बाई नेमकी कशाला घाबरत होती तेच आठवेना. मग असं दिसणं काय कामाचं? तुम्ही काय म्हणता?

म्हापशाचा_प्रेक्षक
गोष्ट. २०१५ चा हिंदी दृश्यम घ्या, आपल्याच गोव्यात घडतो, निशिकांत कामतने केलेला, मूळ मल्याळम २०१३ चा जीतू जोसेफचा. कॅमेरा कुठे मिरवत नाही. एक केबलवाला, बसची तिकिटं, हॉटेलचं बिल, सत्संग आणि २ व ३ ऑक्टोबर, एवढ्यावर अख्खं थिएटर गप्प बसतं. माझी आई घरी कुठलाही सिनेमा लागला की मध्येच उठून चहा ठेवते, दृश्यमला जागची हलली नाही. ड्रोनचे पैसे वाचवा आणि शेवट लिहा.

जुनी_पेटी
(दृश्यम ज्यांनी बघितला नसेल त्यांनी हा प्रतिसाद सोडा.)
म्हापशाचे भाऊ, तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं बघा. विजय साळगावकर, म्हणजे तो केबलवाला, करतो काय? लोकांना चित्र दाखवतो. बसवाला, हॉटेलवाला सगळे शपथेवर सांगतात की आम्ही ह्या कुटुंबाला बघितलं, आणि त्यांनी बघितलेलं असतंच, फक्त तारीख दुसरी. डोळ्यांनी बघितलेलं माणूस विसरत नाही ह्या एका गोष्टीवर ती सगळी कथा उभी आहे. मग तिथे दिसणं आणि गोष्ट वेगळं कसं काढणार?

मी पेडण्याचा. लहानपणापासून जत्रेला, दहीकाल्याला दशावतार बघत आलोय. मंचावर एक बाकडं, मागे पडदा, बाजूला पेटी, मृदंग, झांज. आख्यान पुराणातलं, शेवट पोरासोरांनाही पाठ, संवाद तर नट आयत्या वेळी रचतात, तरी पहाटेपर्यंत माणूस उठत नाही कारण पुढे काय होणार हे माहीत असूनसुद्धा समोरच्या राजाच्या पोटात आत्ता काय कालवलं ते त्याला बघायचं असतं. हिचकॉकने १९५८ च्या व्हर्टिगोमध्ये हीच हिंमत केली. रहस्य शेवटापर्यंत राखलंच नाही, बाई पत्र लिहायला बसते तिथेच प्रेक्षकाला सगळं कळतं आणि हिरो मात्र अंधारात राहतो. त्यानंतर ती हॉटेलच्या खोलीत हिरव्या उजेडातून चालत त्याच्याकडे येते, त्याला मेलेली बाई परत आलेली दिसते, आणि आपल्याला सत्य माहीत असल्यामुळे जीव तुटतो. खिडकीबाहेर निऑनची पाटी आहे, तिचा तो हिरवा उजेड. आणि ज्याच्यावर लोक अजून बोलतात तो जिन्याचा शॉट, कॅमेरा मागे जातो आणि झूम आत, तो काही सेकंदांचा आहे, आडव्या ठेवलेल्या छोट्या मॉडेलवर घेतलेला. हिरोला घेरी येते तेव्हाच येतो. तुमच्या मित्राला एकच विचारा, ड्रोनमधून घराकडे बघतंय कोण? म्हातारी तर घरात आहे.

फ्रेम_बाय_फ्रेम
मी लग्नांचं शूट करतो आणि मधेमधे शॉर्टफिल्म, त्यामुळे तुमच्या कॅमेरावाल्या मित्राची बाजू थोडी घेतो. दिसणं शेवटी बघू असं म्हणून चालत नाही, सेटवर गेल्यावर ते सुचत नसतं. पण आठ आरसे मलाही पटले नाहीत. २०१० च्या ब्लॅक स्वानमध्ये आरसेच आरसे आहेत कारण ती बॅले नाचणारी मुलगी आहे, तिचा दिवस आरशासमोरच जातो. शूट सोळा एमएमच्या फिल्मवर, चित्र दाणेदार, कॅमेरा सारखा तिच्या मानेमागे, म्हणून तिला वाटतं ते आपल्याला वाटायला लागतं. सत्तरीतल्या म्हातारीच्या घरात आरसा एकच, तोही लाकडी कपाटाला.

आणि पैशाची काळजी करू नका. सायको १९६० साली ब्लॅक अँड व्हाइटमध्ये, हिचकॉकने आपल्या टीव्ही मालिकेच्या टीमला घेऊन कमी खर्चात उरकला, रक्त म्हणून चॉकलेट सिरप. पण शॉवरमधल्या त्या मिनिटभराच्या खुनाला सात दिवस दिले. जिथे द्यायचे तिथे दिले.

तुमच्याकडे काय आहे सांगू? गोव्यातल्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या. काचेच्या जागी शिंपलं, उजेड दुधासारखा आत येतो पण बाहेरचं काही दिसत नाही, कोणी गेलं तर नुसती सावली सरकते. माणूस की माडाचं झावळ, कळत नाही. म्हातारी आत बसलीय, पाऊस कौलांवर कोसळतोय, लाइट गेलीय, आणि शिंपल्यामागे काहीतरी हललं. तिला जेवढं दिसतं तेवढंच प्रेक्षकाला द्या. आणि ग्रेडिंगचं म्हणाल तर आपला पावसाळा मुळातच इतका हिरवा की त्यावर निळं चढवलं की माणसाची कातडी प्रेतासारखी दिसते, मी हे करून पस्तावलोय.

म्हापशाचा_प्रेक्षक
खिडकीचं पटलं. तरी सांगतो, सावली कोणाची हे लिहिणाऱ्याला स्वतःला माहीत पाहिजे, प्रेक्षकाला सांगा नाहीतर नका सांगू. लेखकालाच माहीत नसलं की शेवटी ते पडद्यावर दिसतं आणि लोक चिडतात.

रातकिडा_सत्तरी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मित्राला हे सगळं वाचून दाखवलं. ड्रोन गेला, आरसा एकच ठेवला, त्याने निळ्याचाही हट्ट सोडला. म्हापशाच्या भाऊंचं वाचल्यावर मी पण कबूल केलं की शेवट अडत होता कारण सावली कोणाची ते मीच ठरवलं नव्हतं. आता ठरवलंय. सावली मुलाचीच, तो आलाय, दारात उभा आहे, आणि तिला तो ओळखता येत नाहीय. आत्तापर्यंत आलेल्या प्रत्येक सावलीला हे लावून बघितलं, सगळं बसतंय.

आता अडचण खिडकीची. आम्ही बघितलेल्या घरात शिंपलं काढून काच बसवलीय. डिचोली, फोंडा, सत्तरी कुठेही शिंपल्यांची खिडकी शाबूत असलेलं आणि चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) चार दिवस शूटला मिळेल असं घर कोणाच्या माहितीत असेल तर इथेच कळवा.