उष्माघातात तापाची गोळी का नको

उन्हात कोसळलेल्या माणसाला रुग्णवाहिका येईपर्यंत पॅरासिटामॉल द्यावी, असे वर एका सदस्याने सुचवले आहे. त्याबाबत थोडी भर घालतो. जंतुसंसर्गाच्या तापात मेंदूने ठरवलेली तापमानाची पातळीच वर सरकलेली असते आणि ही गोळी ती खाली आणते. उष्माघातात मात्र ती पातळी जागेवरच असते, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे गोळीचा उपयोग होत नाही आणि आधीच ताण सोसणाऱ्या यकृतावर बोजा तेवढा वाढतो. शुद्ध हरपत चाललेल्याच्या तोंडात काही घालणे तर धोक्याचेच.

जत-आटपाडीकडे एप्रिल-मेमध्ये असा प्रसंग आल्यास १०८ ला फोन करावा, रुग्णाला सावलीत घेऊन अंगावर सतत पाणी ओतावे आणि वारा घालावा. (विहिरीच्या मोटारीचे पाणी असेल, तर उन्हात तापलेल्या पाइपातले पहिले पाणी आधी सोडून द्यावे.)

रुग्णवाहिकेतील कर्मचारी नेहमीच्या औषधांची चौकशी करतात, ती निव्वळ औपचारिकता नव्हे: लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातील पाणी घटते, तर मानसोपचारातील काही औषधांनी घाम कमी येतो. म्हणून घरातील गोळ्यांची पाकिटे रुग्णासोबतच द्यावीत.