मदत हवी आहे : भाजल्यानंतर आठवडाभरात मातीच्या भांड्यांचे टवके उडत आहेत

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात, टिळकवाडीत राहते. गेली चार वर्षे परड्यातील पडवीत चाकावर भांडी घडवते आणि तिथेच बसवलेल्या ३ किलोवॅटच्या छोट्या विजेच्या भट्टीत ती भाजते. आजवर खानापूरकडची, कौलांसाठी वापरतात ती तांबडी माती आणत होते. ती १००० अंश सेल्सिअसपर्यंत भाजल्यावर सहसा काही तक्रार उरत नसे. यंदा मात्र बैलहोंगलच्या बाजूला असलेल्या माझ्या आजोळच्या शेततळ्यातील गाळ आणला आणि त्यातून पुढील अडचण उभी राहिली.

माती हाताला अतिशय लोण्यासारखी आहे. चाकावर ती इतकी सहज वर चढते की बऱ्याच दिवसांनी मला रुंद पोटाचे आणि अरुंद गळ्याचे मडके एका बैठकीत जमले. पहिल्या खेपेला तीस भांडी भाजली. पहाटे पाचला भट्टी लावली, पहिले दोन तास झाकण किंचित उघडे ठेवून १०० अंशांपर्यंत नेली, नंतर ताशी ६० अंशांनी ६०० पर्यंत आणि तिथून ताशी १०० अंशांनी १००० पर्यंत चढवून पंधरा मिनिटे तशीच धरली. ५७३ अंशांपाशी मातीतील गारेचे (क्वार्ट्झचे) कण एकदम प्रसरण पावतात, म्हणून त्या टप्प्यावर मी कधीच घाई करत नाही. दुसऱ्या दिवशी भट्टी पुरती निवल्यावरच उघडली. एकही भांडे तडकलेले नव्हते आणि बोटाने टिचकी मारल्यावर सगळी खणखणीत वाजत होती.

चौथ्या रात्री फडताळातून 'टिक्' असा आवाज आला. पाल असेल असे वाटले, पण थोड्या वेळाने पुन्हा तसाच आवाज आला. सकाळी पाहिले तर एका वाडग्याच्या बाहेरच्या अंगाचा मसुराच्या डाळीएवढा टवका उडून खाली पडला होता आणि उरलेल्या खळग्याच्या मध्यभागी मोहरीएवढा पांढरा कण दिसत होता. नखाने दाबताच त्याचा पिठासारखा भुगा झाला. आठवडाभरात तीसपैकी एकोणीस भांड्यांची हीच गत झाली. शेजारच्या काकूंना दह्यासाठी दिलेल्या मडक्याच्या आतल्या बाजूने टवका उडाला, तेव्हा मात्र मी सगळी दिलेली भांडी मागून परत आणली. कोणाच्या जेवणात माझ्या हातच्या भांड्याचे खापर जावे हे मला सहन होण्यासारखे नाही.

कारण माझ्या लक्षात आले आहे. पूर्वेकडच्या काळ्या रानात चुनखडीचे खडे असतात आणि तेच या गाळात उतरले आहेत. कच्च्या मातीवर व्हिनेगर टाकले तर जागोजागी बुडबुडे येतात. भट्टीत सुमारे ८२५ अंशांच्या पुढे चुनखडीतील कर्बवायू निघून जातो आणि मागे कळीचा चुना राहतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवा किती दमट असते हे सांगायला नकोच. तो कळीचा चुना हवेतील ओल शोषून हळूहळू विरतो, विरताना फुगून जवळपास दुप्पट जागा व्यापतो आणि वरची माती उडवून लावतो. मण्णेत्तिन अमावास्येला आपल्याकडे मातीचे बैल पूजतात; याच मातीचे ते बैल मामाच्या घरी वर्षानुवर्षे होत आले आहेत आणि त्यांना कधी काही झाले नाही, कारण ते बैल भाजले जात नाहीत.

आता माझ्यापुढे तीन प्रश्न आहेत. घडवून वाळवलेली चाळीस कच्ची भांडी तयार आहेत, त्यांचे काय करावे? सुमारे नव्वद किलो माती अजून पोत्यांत आहे. मी वाळलेली ढेकळे लाकडी थापीने बडवून पिठाच्या चाळणीने चाळली होती, म्हणजे चाळण्यात मी कसूर केली असे मला वाटत नाही. मग याहून वेगळे काय करायला हवे? आणि फुटकी भांडी कुटून त्यांचा चुरा पुन्हा मातीत मिसळता येईल का? ही माती टाकून देणे मला फार जड जाणार आहे. दिवाळीसाठी दोनशे पणत्या याच मातीच्या करून देण्याचा शब्द मी मामाला दिला आहे.

पहिला प्रतिसाद

ताई, आमच्या घरी खानापूरजवळ तीन पिढ्या आवा, म्हणजे कुंभाराची उघडी भट्टी, लागत असे, म्हणून लिहितो. आपले निदान बरोबर आहे, पण चूक बडवण्यात झाली आहे. चुनखडीचा खडा बोराएवढा असतो तेव्हा तो दिसतो आणि वेचता येतो. थापीने बडवल्यावर त्याच खड्याचे मोहरीएवढे शंभर कण होतात आणि पिठाच्या चाळणीतून सुखाने खाली उतरतात. माती कडकडीत वाळवा आणि न बडवता पाण्यात सोडा. पूर्ण वाळलेले ढेकूळ आपोआप विरघळते, ओलसर ढेकूळ मात्र आतून तसेच घट्ट राहते. दोन दिवसांनी ती पातळ राब (पाण्यात विरघळलेली माती) ढवळून ८० नंबरच्या जाळीतून गाळा. त्या जाळीचे भोक सुमारे ०.१८ मिलिमीटरचे असते. त्यातून जाणारा बारीक चुना टवका उडवण्याइतका जोर करू शकत नाही, त्याने फक्त भांड्याचा रंग थोडा फिका पडतो.

गाळलेली राब आटवण्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसची पाटी वापरणार असाल तर तिच्या कडेचा एकही कपचा मातीत पडू देऊ नका, कारण त्यानेही असेच टवके उडतात. मी स्वतः जुनी कोरडी कौले उलटी मांडून त्यावर धोतराचे कापड अंथरतो.

कच्ची भांडी पुन्हा पाण्यात टाकून विरघळवावीत असे माझे स्पष्ट मत आहे. जी मोडवत नसतील ती ७५० अंशांवरच थांबवा. जुन्या आव्यात उष्णता बहुधा तेवढ्याच आसपास असे, चुनखडी चुनखडीच राहत असे आणि म्हणून अशा मातीचीही मडकी टिकत. मात्र ती भांडी जास्त सच्छिद्र आणि नाजूक राहतील. विटांच्या भट्टीवर आणखी दोन उपाय करतात. पहिला म्हणजे भाजलेला माल लगेच पाण्यात बुडवणे, म्हणजे चुना एकदम विरून छिद्रांतून बाहेर पडतो. मोठ्या कणांवर याचा भरवसा धरू नये. दुसरा म्हणजे शंभर किलो मातीला अर्धा ते पाऊण किलो मीठ घालणे, पण विजेच्या भट्टीत मिठाची वाफ तारा खाऊन टाकते आणि श्वासालाही वाईट, म्हणून आपण त्या वाटेला जाऊ नका. फुटक्या भांड्यांचा चुरा मुळीच मिसळू नका. त्यात तोच चुना आहे.

धागाकर्तीचे उत्तर (पाच आठवड्यांनंतर)

काका, मनापासून आभार. बडवण्याचा मुद्दा वाचून मी उरलेल्या पोत्यातील एक ढेकूळ तसेच पाण्यात सोडले. दुसऱ्या दिवशी बादलीच्या तळाशी अंगठ्याच्या पेराएवढे दोन पांढरे खडे आणि बारीक रेव सापडली. मी हेच खडे आपल्या हाताने फोडून भांड्यांत भरत होते!

त्यानंतर प्रत्येकी पाच पणत्यांचे तीन गट केले आणि भाजून झाल्यावर त्या सगळ्या मोरीतल्या ओलसर कोनाड्यात तीन आठवडे ठेवल्या. जाळीतून गाळलेल्या मातीच्या, १००० अंशांवर भाजलेल्या पाचही पणत्या शाबूत आहेत. जुन्याच मातीच्या, ७५० अंशांवर थांबवलेल्याही शाबूत आहेत, पण त्यांत तेल घातल्यावर तासाभरात बुडाखालचा कागद तेलकट झाला. जुन्या मातीच्या, १००० अंशांवर भाजून लगेच पाण्यात बुडवलेल्या पाचांपैकी दोघींचे टवके उडाले.

काल चाळीसपैकी एकोणचाळीस भांडी बादल्यांत सोडली. काठ ढासळून ती पाण्यात बसत गेली तेव्हा वाईट वाटले, पण सायंकाळपर्यंत राब गाळायला घेतली होती. अरुंद गळ्याचे ते एक मडके मात्र ७५० अंशांवर भाजणार आहे. त्यात पाणी भरायचे नाही, मामाच्या घरी देवळीत ठेवायचे आहे. गाळलेली माती पहिल्यापेक्षा जास्त आकसते आहे आणि वाडग्यांच्या बुडाला वाळतानाच बारीक चीर पडते आहे. त्यासाठी खानापूरच्या मातीची माझी जुनी फुटकी भांडी कुटून त्यांचा चुरा मिसळावा असा विचार आहे. दहा किलोला किती घालावा आणि तो कोणत्या जाळीने चाळावा, एवढे कृपया सांगावे.