प्रतिसाद: स्वतंत्र संचालक असूनही
स्वतंत्र संचालक (कंपनीशी वा तिच्या मालकांशी हितसंबंध नसलेले संचालक) वाढवले की कंपनीचा कारभार सुधारतो, हा मुद्दा मला अपुरा वाटतो. सत्यम या माहिती तंत्रज्ञान कंपनीच्या संचालक मंडळावर नामवंत स्वतंत्र संचालक होते, तरीही १६ डिसेंबर २००८ रोजी प्रवर्तक (कंपनी स्थापून चालवणाऱ्या) कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या (इंग्रजी अक्षरे उलटी वाचल्यास सत्यमच!) विकत घेण्याचा प्रस्ताव त्या मंडळाने मंजूर केला आणि गुंतवणूकदार संतापल्यावर तो काही तासांतच मागे घ्यावा लागला. पुढे ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी बँकेतील शिल्लक फुगवलेल्या खोट्या हिशेबांची कबुली दिली. म्हणूनच २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांच्या लेखापरीक्षण संस्थांवर, म्हणजे हिशेब तपासणाऱ्या संस्थांवर, एकाच कंपनीसाठी घातलेली सलग दहा वर्षांची मर्यादा मला अधिक मोलाची वाटते, कारण नवा लेखापरीक्षक बँकेतील शिल्लक जुन्या विश्वासावर मान्य करण्याची शक्यता कमी असते.