मदत हवी आहे: आडतीच्या रोजकीर्दीतला 'तारखर्च' कसा लावायचा?

दप्तरखाना:
एका गूळ-आडतीच्या (दलाली पेढीच्या) जुन्या दप्तराची, म्हणजे रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि इतर कागदांची, सूची करत आहे. मोडी वाचन झालं आहे, पण तारेच्या नोंदी नीट लागत नाहीत. चार अडचणी आहेत.

एक, शके १८१९ मध्ये मुंबईला केलेल्या तारेचा खर्च १ रुपया २ आणे. कच्च्या मसुद्यात मजकूर ९ शब्दांचा, पत्ता ६ शब्दांचा. शके १८३३ मध्ये त्याच गावाला केलेली तार पत्ता धरून १४ शब्दांची, खर्च फक्त ७ आणे. माझ्या वाचनात चूक आहे, की दर खरंच इतके उतरले?

दोन, पहिल्या तारेच्या पावतीवर राणीच्या चेहऱ्याचं तिकीट आहे, पण अर्धंच. फाटलं असावं का?

तीन, त्याच वर्षी मुंबईहून आलेल्या तारेच्या कागदावर ती तिथे ११ वाजून २ मिनिटांनी दिल्याची नोंद आहे. आडत्याच्या पत्रात मात्र 'साडेदहाला तार दिली' असं आहे.

चार, एका तारेत भाव चुकीचा पोचला आणि नुकसान झालं. 'तार हापिसावर दावा करावा काय' एवढंच लिहिलं आहे, पुढे काहीच नाही. भरपाई मिळायची का?

आणेवारी:
वाचन बरोबर आहे, दोन्ही रकमा चोख जुळतात.

शके १८१९ म्हणजे १८९७-९८. तेव्हा १८८२ पासूनचा दर लागू होता. देशांतर्गत तारेचे तीन वर्ग होते: अर्जंट २ रुपये, ऑर्डिनरी १ रुपया, डिफर्ड (सवडीने जाणारी) ८ आणे. या रकमेत मजकुराचे ८ शब्द जात आणि पत्ता फुकट असे. त्यापुढच्या प्रत्येक शब्दाला अनुक्रमे ४, २ आणि १ आणा. तुमचा मजकूर ९ शब्दांचा, म्हणजे ८ शब्दांचा १ रुपया आणि नवव्याचे २ आणे. तार ऑर्डिनरी होती. पत्त्याचे सहा शब्द हिशेबात आलेच नाहीत.

शके १८३३ म्हणजे १९११-१२. त्याआधी दोनदा मोठा बदल झाला होता. १९०४ पासून डिफर्ड तार ४ आण्यांत जाऊ लागली, पण १० शब्दांत पत्ताही मोजला जाऊ लागला. १९०९ पासून तीनाचे दोन वर्ग झाले, एक्सप्रेस आणि ऑर्डिनरी. एक्सप्रेसला १२ शब्दांना १ रुपया, ऑर्डिनरीला ६ आणे आणि पुढच्या प्रत्येक शब्दाला अर्धा आणा. १४ शब्दांचे ६ आणे अधिक १ आणा, म्हणजे ७ आणे.

दर उतरला हे खरंच, पण पत्ता फुकट राहिला नाही. सूची करताना 'शब्द' या रकान्याचे दोन रकाने करा, मजकूर आणि पत्ता. नाहीतर १९०४ च्या आधीची एकही रक्कम जुळणार नाही. आणखी एक चूक सर्रास होते. 'ऑर्डिनरी' हा शब्द दोन्ही काळात आहे म्हणून वर्ग एकच समजतात. १८९७ ची ऑर्डिनरी हा मधला वर्ग होता, १९११ ची ऑर्डिनरी हा सगळ्यात स्वस्त. तुलना करायची तर १८९७ च्या डिफर्डशी करा.

अंतराचा प्रश्न या दोन्ही नोंदींत येत नाही. १८५५ मध्ये तार लोकांसाठी खुली झाली तेव्हा पत्त्यासह १६ शब्दांना दर ४०० मैलांमागे १ रुपया असा दर होता. ते कोष्टक तुमच्या दप्तराला लावू नका.

दुहेरीमुद्रा:
तिकीट फाटलेलं नाही, मुद्दाम कापलेलं आहे. टपालाच्या तिकिटांपेक्षा तारेची तिकिटं वेगळी होती. उभट आकार, वर आणि खाली राणीचा चेहरा दोनदा. खालचा अर्धा भाग तारेच्या फॉर्मवर चिकटून कचेरीत राही, वरचा अर्धा पावतीवर लावून पाठवणाऱ्याला देत. कचेरीतले फॉर्म मुदतीनंतर नष्ट होत, म्हणून आज हाती लागतात ते बहुतेक वरचेच भाग. पुढे ही तिकिटं बंद होऊन टपालाचीच तिकिटं तारेला चालू लागली.

कृपा करून ते पावतीवरून सोडवू नका. पाण्याने तिकीट सुटेल, पण शिक्का आणि शाई दोन्ही जातील. तिकिटाचं मूल्य लिहून घ्या. त्यावरून भरलेली रक्कम रोजकीर्दीशी ताडून पाहता येते.

मध्यान्हरेषा:
वेळेतला फरक ही नोंदीची चूक नाही. तेव्हा रेल्वे आणि तारखातं मद्रास वेळेवर चाले, मुंबई शहर स्वतःच्या मुंबई वेळेवर. मद्रास वेळ सुमारे ३० मिनिटं पुढे. आडत्याच्या घड्याळात साडेदहा म्हणजे तार कचेरीत ११. उरलेली दोन मिनिटं खिडकीशी गेली असतील. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबई वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. शहराने ती लगेच स्वीकारली नाही, त्यामुळे १९०६ नंतरच्या कागदांत अर्ध्या तासाऐवजी ३९ मिनिटांचा फरक दिसला तर बिचकू नका.

कलमनऊ:
भरपाई मिळत नसे. १८८५ च्या भारतीय तार कायद्याचं कलम ९ पाहा. तार घेण्यात, पाठवण्यात किंवा पोचवण्यात कर्मचाऱ्याची कसूर झाली आणि त्याने नुकसान झालं, तरी सरकार जबाबदार नसे. कर्मचारीसुद्धा निष्काळजीपणा, कपट किंवा दुष्ट हेतू असला तरच जबाबदार ठरे. दावा पुढे गेला नसेल तर कारण बहुधा हेच. मजकूर मुद्दाम बदलणं किंवा बाहेर फोडणं हा मात्र कलम २६ खाली गुन्हा होता, तीन वर्षांपर्यंत कैद.

चुका का होत तेही ध्यानात घ्या. मराठी तार रोमन लिपीत लिहावी लागे. त्यात 'द' आणि 'ड' एकच, ऱ्हस्व-दीर्घ नाहीच. 'माल पाठवू नका' मधला शेवटचा शब्द गळला की अर्थच उलटा. आकड्यात एक अंक चुकला तर मजकुरावरून तो पकडता येत नाही. त्यामुळे भाव अक्षरी लिहिणं सुरक्षित, पण शब्द वाढून खर्च वाढे. तुमच्या कच्च्या मसुद्यात भाव अक्षरी आहे की अंकी, ते बघा.

दप्तरखाना:
मसुद्यात भाव अंकीच आहे. सर्वांचे मनापासून आभार. शेवटची शंका: शके १८१९ मध्येच एका ८ शब्दी तारेला २ रुपये लिहिले आहेत. अर्जंट समजायची ना?

आणेवारी:
लगेच तसं लिहू नका. ऑर्डिनरीचा १ रुपया आणि जबाबी तारेसाठी, म्हणजे समोरच्याच्या उत्तरासाठी, आगाऊ भरलेला १ रुपया मिळूनही २ च होतात. उत्तर आलेलं असेल तर त्याच दिवसाच्या किंवा दुसऱ्या दिवसाच्या कीर्दीत समोरच्याच्या तारेचा उल्लेख शोधा. पावती असेल तर तिच्यावर वर्ग पाहा. दोन्ही नसेल तर सूचीत 'अर्जंट किंवा जबाबी' असंच ठेवा.