मदत हवी आहे: रेकॉर्डिंगवाल्या जुन्या सेटटॉप बॉक्समधले सामने बाहेर कसे काढायचे?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे डीटीएचचा हार्ड डिस्कवाला जुना बॉक्स आहे. चालू कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवतो तो. आता तो शेवटच्या घटका मोजतोय. आपोआप बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, आतून टकटक आवाज येतो. मे महिन्यात तर दुपारी टेबलफॅन माणसांऐवजी बॉक्सकडे वळवून ठेवावा लागायचा. कस्टमर केअरवाले म्हणतात, बॉक्स बदलून देतो, पण आतलं रेकॉर्डिंग विसरा.

विसरणार कसं? तो सगळा सासऱ्यांचा खजिना आहे. विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तो इंदूरचा अंतिम सामना, डिसेंबर २०१७ च्या शेवटी सुरू होऊन १ जानेवारी २०१८ ला संपलेला. त्यात विदर्भाच्या गुरबानीची हॅटट्रिक. मग फेब्रुवारी २०१९ चा नागपूरजवळच्या जामठ्याचा अंतिम सामना, सौराष्ट्राविरुद्धचा. सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले, पुजाराला दोन्ही डावांत त्यानेच काढलं. या दुसऱ्या सामन्याला बाबा, म्हणजे सासरे, स्वतः मैदानात होते. एका षटकानंतर कॅमेरा स्टँडकडे वळतो आणि पांढऱ्या टोपीतले आपण दिसतो, असा त्यांचा दावा आहे. मला आजवर फक्त टोपी दिसली आहे. पण घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर ती टोपी दाखवली जाते.

बॉक्सच्या यूएसबीत पेन ड्राइव्ह लावून पाहिला, कॉपी करायचा पर्यायच येत नाही. मग नागपूरच्या बर्डीवरून एचडीएमआय कॅप्चर कार्ड आणलं, म्हणजे टीव्हीकडे जाणारं चित्र कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं यंत्र. मेनू दिसतो न दिसतो तोच स्क्रीन काळी.

तर विचारायचं असं की बॉक्स उघडून हार्ड डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडली तर फाइल्स मिळतील का? नसतील मिळत तर दुसरा मार्ग कोणता? आणि पुढे घरी काही जपून ठेवायचं असेल तर पुन्हा असं अडकायला होणार नाही अशी काही सोय आहे का? सासूबाईंनाही सह्याद्रीवरचे काही कार्यक्रम ठेवायचे असतात, पण बाबांच्या क्रिकेटपुढे त्यांना जागाच उरली नाही.

घरात कॉम्प्युटरचं थोडंफार मलाच कळतं, त्यामुळे जरा फोड करून सांगा.

— जामठा_एक्स्प्रेस

संत्राबर्फी: यूट्यूबवर हायलाइट्स असतील ना ताई? एवढा खटाटोप काहून?

जामठा_एक्स्प्रेस: हायलाइट्समध्ये विकेट आणि चौकार. बाबांना मधली निर्धाव षटकं हवी आहेत. आणि टोपी.

जुनी_कॅसेट: ताई, आधी एक करा. बॉक्स उघडू नका आणि रिचार्ज संपू देऊ नका. बऱ्याच बॉक्समध्ये पॅक बंद झाला की जुनं रेकॉर्डिंगही चालत नाही. म्हणजे आत सगळं आहे आणि हाती काही नाही.

डिस्क काढून काही उपयोग नाही. रेकॉर्डिंग कुलूपबंद स्वरूपात साठवलेलं असतं आणि त्याची किल्ली त्याच बॉक्सच्या चिपमध्ये किंवा कार्डात असते. कॉम्प्युटर डिस्क ओळखणार नाही आणि वर विचारेल, फॉरमॅट करू का? तिथे चुकून 'हो' दाबलं की संपलं. त्याच कंपनीच्या नव्या बॉक्सला ती डिस्क लावली तरी तेच.

काळ्या स्क्रीनचं कारण एचडीसीपी, म्हणजे नक्कल रोखणारं कुलूप. एचडीएमआयच्या वायरीतून चित्र जाताना बॉक्स पलीकडच्या यंत्राला ओळख विचारतो. टीव्हीकडे ती असते, कॅप्चर कार्डाकडे नसते. कार्ड खराब नाही, परत करायला जाऊन दुकानदाराशी भांडू नका.

आता बॉक्सच्या मागे बघा. पिवळं-लाल-पांढरं अशी तीन भोकं आहेत का? किंवा हेडफोनसारखं एकच बारीक भोक, एव्ही लिहिलेलं?

बर्डीचा_मुन्ना: एवढं काय करून राहिले भाऊ. एक स्प्लिटर येते, मधात लावा, काळी स्क्रीन गायब. बर्डीवर मोदी नंबर तीनच्या गल्लीत कोणालेही विचारा.

वकीलपेठ: मुन्नाभाऊ, ते कुलूप तोडणं इथे नको. स्वतःच्या खाजगी वापरासाठी प्रक्षेपण रेकॉर्ड केलं तर प्रसारकाच्या हक्काचा भंग होत नाही, हे कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३९ मध्ये स्पष्ट आहे. ताईंचं काम त्यात बसतं. पण २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ ए आलं. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ताईंचा हेतू तसा नाही हे मान्य, पण साधा रस्ता असताना वाकड्यात कशाला शिरायचं?

आणखी एक. सामना चालू असताना मधेच पडद्यावर काही आकडे उमटून जातात ना? ती तुमच्या कार्डाची किंवा बॉक्सची ओळख असते. रेकॉर्डिंगमध्येही ती येऊ शकते. तेव्हा घरच्यांनी पाहा, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

जामठा_एक्स्प्रेस: एकच बारीक भोक आहे. शेजारच्यांच्या जुन्या डीव्हीडी प्लेयरची वायर त्यात बसली. पण टीव्हीवर चित्राऐवजी राखाडी पट्टे आणि कानठळ्या बसवणारी घूं.

जुनी_कॅसेट: छान, म्हणजे भोक जिवंत आहे! या बारीक पिनेवर चार कडी असतात आणि कोणत्या कड्यावर चित्र, कोणत्यावर आवाज, हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. टीव्हीच्या पिवळ्या भोकात लाल पिन लावून पाहा, मग पांढरी. एखाद्या जोडीत चित्र येईल. कशातच नाही आलं तर वायरीतली ग्राउंडची जागाच वेगळी आहे, बॉक्सच्या मॉडेलची वायर घ्यावी लागेल. आणि पाहताना एचडीएमआयची वायर काढून ठेवा, काही बॉक्स ती असेपर्यंत एव्ही बंद ठेवतात.

चित्र आलं की एव्ही ते यूएसबी असा कॅप्चर डोंगल घ्या. साधा हजाराच्या आत मिळतो. कॉम्प्युटरवर ओबीएस स्टुडिओ हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम टाका, फुकट आहे. त्यात पाल (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) निवडा, आकार ७२० बाय ५७६. चित्र चेपलेलं दिसलं तर १६:९ करून घ्या, नाहीतर सगळे खेळाडू उंच आणि बारीक दिसतील. डीइंटरलेस चालू करायला विसरू नका. नाहीतर धावत्या गोलंदाजाच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. आवाज वेगळा निवडावा लागतो, डोंगल तिथे मायक्रोफोन म्हणून दिसतो.

सगळ्यात महत्त्वाचं, फाइल एमकेव्हीमध्ये ठेवा, एमपी४ मध्ये नको. मधेच लाइट गेली तर एमपी४ ची अर्धवट फाइल बहुधा उघडतच नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची उघडते. नंतर ओबीएसमधूनच एमपी४ करून घेता येते.

एचडी मिळणार नाही हे बाबांना आधीच सांगा. आणि वेळेला पळवाट नाही, सहा तासांच्या खेळाला सहा तास. बॉक्सची तब्येत पाहता मी पाचही दिवस घ्यायला बसणार नाही. आधी हॅटट्रिकचं सत्र, मग टोपी, मग बाकीचं. डिस्कवर टकटक सुरू झाली की क्रम फार महत्त्वाचा. काही बॉक्स एव्हीवरही नक्कल-रोधक खूण सोडतात, तेव्हा चित्र उजळ-मंद होत राहतं. तसं झालं तर हा रस्ता तिथेच संपला.

संत्राबर्फी: साठवायला जागा किती लागते पण? आमच्याकडे पोरीच्या नाचाच्या कार्यक्रमाचं असंच अडकलं आहे.

जुनी_कॅसेट: तीन एमबीपीएसने घेतलं तर तासाला साधारण १.३ जीबी. एक टीबीच्या डिस्कवर सातशेच्या वर तास मावतात. डिस्कचं फॉरमॅट एफएटी३२ असेल तर ४ जीबीला फाइल अडेल, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, अर्थात रिकामी असताना. दोन प्रती करा आणि दुसरी दुसऱ्या घरी ठेवा. नागपुरात पत्र्याच्या माळ्यावर डिस्क ठेवणं म्हणजे तिला उन्हाळ्यात भाजणं. फाइलच्या नावात तारीख आधी लिहा, २०१९-०२-०७ अशी, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. 'बाबा फायनल नवीन २' असली नावं दोन वर्षांनी कोणालाच कळत नाहीत.

फुकट_छत्री: सासूबाईंसाठी सांगतो. सह्याद्री डीडी फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट डीटीएचवर आहे, महिन्याचे पैसे नाहीत. यूएसबी रेकॉर्डिंगवाला साधा फ्री-टू-एअर बॉक्स घ्या. पेन ड्राइव्हवर टीएस प्रकारची व्हिडिओ फाइल पडते, कॉम्प्युटरच्या व्हीएलसी प्लेयरमध्ये सरळ चालते, कुलूप नाही. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व, म्हणजे नागपूरहून छत्री आग्नेयेकडे. त्या बाजूला उंच इमारत किंवा कडुनिंब नको. जोराच्या पावसात सिग्नल तुटून चौकोन येतात, तेवढा भाग रेकॉर्डिंगमध्येही तसाच राहतो. तुमचं पैसे भरून पाहायचं खेळाचं चॅनेल मात्र यावर मिळणार नाही.

जामठा_एक्स्प्रेस: पिवळ्या भोकात लाल पिन! चित्र आलं. उजळ-मंद होत नाहीये. हॅटट्रिकचं सत्र कॉम्प्युटरवर आलं आहे, बाबा खुर्ची ओढून शेजारीच बसले होते आणि प्रत्येक चेंडूआधी काय होणार ते सांगत होते. सासूबाईंनी फ्री डिशचा बॉक्स आजच मागवायला सांगितला आहे, छत्री त्यांच्या वाळवणाच्या जागेवर येणार नाही या अटीवर.

एकच अडचण आहे. चालू रेकॉर्डिंगवर खाली 'आपले रिचार्ज लवकरच संपत आहे' अशी पट्टी येते आणि नेमकी धावफलकावर बसते. ती कशी घालवायची?

जुनी_कॅसेट: रिचार्ज करून, ताई.

बर्डीचा_मुन्ना: 😄 टोपीवाला भाग घ्यायच्या आधी करा बरं का. नाहीतर पट्टी थेट काकांच्या तोंडावर.