आईला रोज पोटात रक्ताच्या गुठळीचे इंजेक्शन: घरी कसे देता?

डिचोलीकर:
आई (वय 71) अंगणातल्या शेवाळावर घसरली, खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, आता घरी आहे. कार्डावर एनॉक्सापॅरिन (रक्तात गुठळी होऊ न देणारे औषध) 40 मिग्रॅ, रोज एक, अजून 21 दिवस. वॉर्डात सिस्टरने एकदा दाखवले, पण डिस्चार्जच्या गडबडीत अर्धे डोक्यात शिरलेच नाही. काल मी दिले, तर आज तिथे रुपयाएवढा काळानिळा डाग! माझे काही चुकले का? आणि मावशी म्हणते पाय तेलाने रगडा, रक्त फिरेल. रगडू का?

फोंड्याची सिस्टर:
दादा, आधी पायाचे. मुळीच रगडू नका. शिरेत गुठळी झाली असेल तर चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. त्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेली पावलांची हालचाल करवून घ्या.

आता इंजेक्शन. मी वॉर्डात बरीच वर्षे दिली आहेत. आईला पाठीवर निजवा. बेंबीपासून चार बोटे तरी लांब, डाव्या किंवा उजव्या कुशीकडे जागा घ्या. कातडीची घडी चिमटीत धरा आणि सुई आडवी नाही, सरळ उभी, पूर्ण आत. सावकाश दाबा. सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. 40 च्या सिरिंजमध्ये जो हवेचा बुडबुडा दिसतो तो काढू नका, काढायला गेलात तर औषधही सांडते. सुईच्या टोकाला थेंब असेल तर तेवढा झटकून टाका, तो कातडीला लागला तरी डाग पडतो. आणि नंतर चोळायचे नाही! काल बोळ्याने चोळलेत ना? बहुतेक त्यामुळेच झाले. छोटा डाग आठवड्यात फिका पडतो. तो वाढत गेला, कडक लागला तर मात्र दाखवा.

मांद्रेकर:
बायकोच्या पायाच्या शिरेत पाचव्या महिन्यात गुठळी निघाली होती. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी बाळाला धोक्याची, हेपरिनच्या जातीची ही इंजेक्शने वारेतून बाळापर्यंत जात नाहीत, म्हणून बाळंतपणापर्यंत तीच. उपचाराचा डोस वजनावर असतो, तिला 60, दिवसातून दोनदा. तुमचा 40 गुठळी होऊ नये म्हणून आहे, तो आमच्याशी ताडून बघू नका. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर ‘डा’ आणि ‘उ’ लिहायचो, एकाच जागी परत टोचायचे नाही म्हणून. चार दिवसांत हात बसतो, खरेच.

डिचोलीकर:
ताई, चोळले होते, हो. फ्रीजमध्ये ठेवू का? आणि एखादा दिवस चुकला तर?

फोंड्याची सिस्टर:
खोक्यावर तापमान छापलेले असते, ते बघून केमिस्टला विचारा. फ्रीझरमध्ये कधीच नाही, गोठलेले औषध फेकावे लागते. रोज एकच वेळ ठेवा. चुकले तर आठवताच डॉक्टरांना फोन करा, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम देऊ नका.

आई गुडघेदुखीला मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा तसली गोळी आणून घेत असेल तर ती थांबवा, डॉक्टरांना विचारा. दोन्ही मिळून रक्तस्राव वाढतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस बदलावा लागतो. आणि प्लेटलेटची तपासणी सांगितली असेल तर टाळू नका, क्वचित या इंजेक्शनानेच त्या घटतात.

काळी शौच, लघवीत रक्त, डोक्याला मार, एका पोटरीला सूज, अचानक दम लागणे, यांतले काहीही झाले तर सकाळची वाट बघायची नाही. 108.

साखळीची सून:
आमच्या शाकाहारी सासऱ्यांना हे डुकराच्या आतड्यापासून बनते हे कळले आणि ते अडून बसले. डॉक्टरांनी फोंडापॅरिनक्स दिले, ते कृत्रिमरीत्या बनवतात. तुमच्या घरी असा प्रश्न असेल तर आधीच सांगा.

डिचोलीकर:
आज रात्री आठला उजवीकडे दिले, चोळले नाही. आईने डोळे मिटून घेतले होते, टोचून झालेले तिला मीच सांगितले. कॅलेंडरवर ‘उ’ लिहिलाय. रिकाम्या सिरिंज कचऱ्यात टाकू?

फोंड्याची सिस्टर:
नको, कचरा उचलणाऱ्यांच्या हाताला टोचतात. फिनाईलची जाड बाटली धुऊन तिच्यात टाका, झाकण घट्ट लावा आणि टाके काढायला जाल तेव्हा इस्पितळात द्या.